भाड्यात सगळं धरून

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावरचा समजावा. डावा गुडघा एकदा जमिनीला टेकला की मला उठवायला माणूस लागतो, आणि सध्या मी एकटी राहते हे तुला ठाऊकच आहे.) तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, चष्म्याचा नंबर वाढला नसेल, आणि हे पत्र तू स्वतः वाचत असशील अशी आशा करते. पण तुझी सवय मला माहीत आहे. तू आरामखुर्चीत डोळे मिटून बसणार आणि वहिनीला मोठ्यानं वाचायला लावणार. तर वहिनी, तुलाही नमस्कार, आणि एक विनंती: सहीपर्यंत खुशाल मोठ्यानं वाच, सहीखालचं मात्र त्याच्या हातात दे आणि चहा ठेवायला आत जा. तुझ्यापासून लपवण्यासारखं माझं काही नाही. त्याचं आहे.

गेल्या पाच महिन्यांत मी तुला फोन केला नाही, तूही केला नाहीस. तेव्हा आज एकदम जाडजूड लिफाफा बघून तू भलतंसलतं समजशील, म्हणून आधीच सांगून टाकते की मी ठणठणीत आहे आणि पत्राचं कारण अगदी किरकोळ आहे. माझी कापड मोजायची लाकडी पट्टी तिकडे राहिली आहे. माझ्या खोलीतल्या कपाटामागे बघ, नाहीतर शिवणयंत्र होतं त्या कोपऱ्यात. ती तेवढी कुणाबरोबर तरी पाठवून दे. पडद्यांच्या दुकानातल्या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत आणि त्या उन्हानं वाकतात. वाकड्या पट्टीनं मापलेला पडदा खिडकीत कसा दिसतो हे मी तुला सांगायला नको. बस, एवढंच काम. खरं तर पत्र इथेच संपतं. पण कागदाची एक बाजू कोरी गेलेली तुला खपत नाही (पाठकोऱ्या कागदांचा तो गठ्ठा अजून आहे ना उशाशी?), म्हणून नव्या घराची हकीकत लिहिते.

भांडणाचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते, पण त्याच्याशिवाय घराची गोष्टच सुरू होत नाही. वहिनीच्या माहेरची चार माणसं बाहेरच्या खोलीत बसलेली, बाहेर अजून चांगला उजेड, मी आतून पाण्याचे ग्लास घेऊन आले, आणि व्हरांड्यातला दिवा बंद करून येता येता तू सगळ्यांच्या देखत म्हणालास की बटण खाली आणि वर दोन्हीकडे होतं हे हिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते हसले. मीही हसले. (हातात ट्रे होता, नाहीतर काय केलं असतं ते सांगता येत नाही.) तिथे थांबला असतास तरी चाललं असतं. पण चार माणसं हसली की तुला अवसान चढतं. तू पुढे म्हणालास, “स्वतःचं घर असतं म्हणजे कळलं असतं.” मग कुणीच हसलं नाही. एक्कावन्न वर्षांच्या बिनलग्नाच्या बहिणीला हे वाक्य नेमकं कुठे लागतं, ते तुला त्याच क्षणी कळलं होतं. तुझा चेहरा मी पाहिला. पण तोंडातून शब्द परत घेणं आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. आठव्या दिवशी मी सामान बांधलं, आणि तू फाटकाशी उभा राहून म्हणालास, महिन्याभरात परत येशील. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ होते आणि दोन्ही अजून जळायचे होते.

त्या दिव्याबद्दल एकदाच सांगते आणि विषय बंद करते. सत्तावीस वर्षं तू दुसऱ्या पाळीवरून उशिरा घरी यायचास. फाटकाची कडी तुला अंधारात सापडायची नाही, म्हणून तो दिवा लावून ठेवायचं काम आईनं माझ्याकडे दिलं होतं. चार वर्षांपूर्वी तू निवृत्त झालास. तुला नारळ मिळाला, घड्याळ मिळालं, भाषण मिळालं. माझ्या हाताला कुणी काहीच कळवलं नाही. दिवस कलायला लागला की तो आपला बटणावर जातो. असो. बंद म्हणजे बंद.

तर घर. दुकानात आम्ही पडद्यांच्या घड्यांत जुनी वर्तमानपत्रं घालतो. त्यातल्याच एका पानावर जाहिरात होती: शांत वसाहतीत वरचा मजला, दोन खोल्या, स्वतंत्र जिना, एकट्या व्यक्तीस प्राधान्य, भाड्यात वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, सगळं धरून. जाहिरात तीन आठवड्यांपूर्वीची आणि घर अजून रिकामं, यावरून शहाण्या माणसाला शंका आली असती. पण मी “वीज धरून” या दोन शब्दांवरच अडकले होते. दादा, त्या शब्दांनी मला काय झालं ते तुला सांगून कळायचं नाही. वीज धरून म्हणजे मी सोमवारी दिवा लावावा, शनिवारी बंद करावा, वाटल्यास करूच नये, आणि त्रिभुवनात कुणी मला “हा कुणी लावला?” असं विचारू नये. त्या दुपारी मी दुकानाच्या मालकीणबाईंकडून अर्धी रजा घेतली आणि घर न बघताच हो म्हणायला निघाले.

वसाहत शहराच्या अगदी टोकाला आहे. बस इथपर्यंत येते, वळते आणि सुस्कारा टाकून परत जाते. सगळी घरं एका साच्यातली: दुमजली, पुढे हातभर बाग, फाटकावर पत्र्याची पेटी, बाजूनं वर जाणारा जिना. पहिल्या आठवड्यात मी दोनदा शेजारच्या फाटकातून आत शिरले. एकदा तर त्यांच्या जिन्यानं वर जाऊन, माझं कुलूप का उघडत नाही म्हणून त्यांच्या दाराला नाही नाही ते बोलले. (दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. आता आमची चांगली ओळख आहे.) सुट्टीच्या दिवशी दर घरापुढे एक पुरुष एक गाडी धूत असतो, धुतलेलीच पुन्हा धूत असतो. बाकी इतकी शांतता की कुणी लसूण सोलला तर ऐकू येईल. आणि पडदे! अख्ख्या गल्लीत एका घराचे पडदे जमिनीपासून बोटभर वर आहेत, जसे असावेत तसे. बाकीच्यांचे एकतर लोळतात, नाहीतर पोटरीपर्यंत येऊन लाजतात. मी जाता-येता मान खाली घालून चालते.

घरमालक अडुसष्ट वर्षांचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी छोटी बॅटरी. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तब्येतीनं भरलेल्या, हसऱ्या, आणि कानांनी जवळजवळ निवृत्त. मी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि शेवटी धीर करून विचारलं की वीज धरून म्हणजे अगदी सगळीच धरून ना? त्यांनी मान डोलावली. सगळी. वेगळं बिल नाही? नाही. मी तिथल्या तिथे सहा महिन्यांच्या करारावर सही केली. त्याच संध्याकाळी सामान लावून झाल्यावर मी खोल्यांमधले, स्वयंपाकघरातले, न्हाणीघरातले, गच्चीच्या दारावरचे आणि जिन्यातला असे सगळे मिळून नऊ दिवे लावले आणि मधोमध खुर्ची टाकून बसले. दादा, तेव्हा मला तुझी फार आठवण आली. (चांगल्या अर्थानं नाही.) दहा मिनिटंही झाली नसतील, दारावर टकटक. घरमालक. चेहरा काळजीचा. पाहुणे आलेत का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, ओठ हलवत दिवे मोजले, आणि “बरं, बरं, नऊ,” असं म्हणून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंकडून कळलं की त्यांनी चौतीस वर्षं वीजमंडळात मीटर वाचले. कुठे जाशी भोगा, तर तुझ्या पुढे उभा! एका मीटरशी भांडून मी घर सोडलं आणि ज्याला मीटरशिवाय दुसरा विषय नाही त्याच्या माडीवर येऊन राहिले. तेव्हापासून मी त्यांना मनात मीटरकाका म्हणते. या भागातला एकही जिना असा नाही ज्याच्याखाली ते वाकलेले नाहीत. कुठलं कुटुंब कसं आहे हे त्यांना युनिटांवरून कळतं. माणसं त्यांनी क्वचितच पाहिली. कुणाकडे बाळ आलं, कुणाची मुलं परगावी गेली, कुणी नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपायला लागले, सगळं त्यांनी जिन्याखाली बसून वाचलंय. आणि ते कुणाला सांगत नाहीत, त्याबाबतीत माणूस सज्जन. मला मात्र सांगतात, कारण मी वर राहते.

माझ्या मजल्यासाठी त्यांनी एक वेगळा छोटा मीटर बसवलाय. बिल घ्यायचं नाही, तर मीटर कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, “अभ्यासाला.” तो जिन्याखाली आहे आणि त्याच्यासमोर एक स्टूल आहे. सकाळचा चहा आणि पेपर तिथेच. पूर्वीच्या मीटरला चकती असायची, चकतीला चेहरा होता, असं त्यांचं मत. आता नुसता लाल ठिपका लुकलुकतो. पण डॉक्टर जसा मनगट धरून बसतो तसे ते त्या ठिपक्याकडे बघत बसतात आणि वर मी काय करतेय ते ओळखतात. मी इस्त्री केली की त्यांना कळतं. गीझर विसरला की कळतं. एकदा मी शिवणयंत्राच्या मोटरवर सलग दोन तास जाड कापडाच्या झालरी शिवल्या, तर संध्याकाळी फाटकाशी गाठून म्हणाले, आज बरंच अवघड काम होतं, सतरा ठिकाणी थांबलात. मी मोजलं नव्हतं. बायकांच्या जातीला विचारू नये असं काही विचारायचं असेल, तर ते “ही विचारतेय” अशी सुरुवात करतात. ही विचारतेय की पंखा आणि गीझर एकदमच का? ही विचारतेय की रेडिओ कुणी ऐकत होतं का, की आपला एकटाच बोलत होता? काकू शेजारी उभ्या राहून गोड हसत असतात. त्यांना यातलं अक्षर ऐकू आलेलं नसतं.

सुरुवातीला मी चिडायची. एकदा तोंडावर म्हटलंच, “काका, सगळं धरून आहे ना? मग वापरणार!” त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, “ताई, मी रागावतो कुठे? मी नुसता वाचतो.” त्यानंतर मी चिडणं सोडून दिलं. आणि तुला म्हणून सांगते, धरून या शब्दाचा अर्थ मला इथे आल्यावर कळला. वीज धरून म्हणजे वीज तेच धरून बसलेत. पाणी धरून म्हणजे टाकीची झडप त्यांच्या हातात. गॅस धरून म्हणजे शेगडी बारीक केली का ते बघायला जिना चढून येणार, येताना वाटीभर काहीतरी घेऊन येणार. इंटरनेटही धरून आहे. त्याचा पासवर्ड विचारला तर त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाठकोऱ्या कागदावर (हो दादा, पाठकोऱ्या!) लिहून दिला: बाहेरजातानादिवेबंदकरा. एका शब्दात, मध्ये जागा न सोडता. दर दोन दिवसांनी ते जाळं तुटतं आणि मला तो मंत्र पुन्हा टाइप करावा लागतो. घरी तू फुकट बोलायचास. इथे मी स्वतःच्या बोटांनी लिहून घेते.

इथवर वाचून तू मांडीवर थाप मारली असशील. थांब जरा, मीटर नुसता खर्च दाखवत नाही. मागच्या महिन्यात मला ताप आला. मोठं काही नव्हतं, पण अंगात उठायची ताकद नव्हती आणि खोकल्यानं जीव काढला होता. दुकानात तेवढं कळवलं आणि पडून राहिले. दिवा नाही, शेगडी नाही, काही नाही. कुणाला सांगावं असंही वाटलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी तुझं “महिन्याभरात परत येशील” आठवलं आणि वाटलं, जावं का? दुपारी दार वाजलं. मीटरकाका, मागे धापा टाकत काकू, हातात थर्मास. काका म्हणाले की ठिपका लुकलुकेना, मीटर बिघडला वाटलं म्हणून बघायला आलो. मीटर धडधाकट होता, मी बिघडले होते. दोन दिवस काकू माझ्या उशाशी बसून होत्या. त्यांना ऐकू येत नाही आणि मला बोलवत नव्हतं, त्यामुळे आमच्या गप्पा फार छान झाल्या. तिसऱ्या दिवशी मी उठून दिवा लावला आणि चहा केला, तर खालून टाळ्यांचा आवाज आला. शपथ घेऊन सांगते, तो म्हातारा ठिपक्याकडे बघून टाळ्या वाजवत होता.

गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन. एरवीचाच, ख्यालीखुशालीचा, पण मध्येच म्हणाली की का कोण जाणे, हे म्हणाले जरा विचार, सर्दी-खोकला नाही ना. मी म्हटलं, बघा, एवढ्या लांबून दादाला खोकला ऐकू गेला.

तेव्हापासून मी या मीटरविद्येपुढे हात टेकलेत. काय काय कळतं या माणसाला! एकदा सांगू लागले की यंत्राचं पायडल उजव्या पायानं दाबत जा, डावा गुडघा दुखरा आहे. डावा! लुकलुकण्यावरून गुडघा कळणं मी एक वेळ मान्य करीन, पण डावा-उजवा? म्हटलं असेल, नवे मीटर फार सुधारलेत. मग न्हाणीघरात एक बसायचं स्टूल आलं आणि नळाशेजारी धरायला दांडी लागली. मग एकदा काकू खालून भाजी घेऊन आल्या, तर काका मागून धावत जिना चढले, भांड्याचं झाकण उघडून वास घेतला आणि भांडं परत नेलं, कारण भोपळा होता आणि भोपळा खाल्ला की मला उचकी लागते. लागते ना. लहानपणापासून लागते. पण भोपळ्याची उचकी कुठल्या मीटरवर उमटते, हे मी त्या दिवशी बराच वेळ विचार करत बसले होते.

आणि या सगळ्यात एक कोडं. माझ्या आठही दिव्यांवर त्यांचं लक्ष. न्हाणीघरातला राहिला, ही विचारतेय. गच्चीवरचा राहिला, ही विचारतेय. पण जिन्यातला दिवा, जो मी रोज दिवस कलताना लावते आणि सकाळी हमखास विसरते, त्याच्याबद्दल पाच महिन्यांत चकार शब्द नाही. तो त्यांच्या स्टुलाच्या बरोबर डोक्यावर आहे. भर दुपारी त्याच्याखाली बसून पेपर वाचतात, पण बटणाला हात लावत नाहीत. शेवटी मीच विचारलं, काका, हा कसा चालतो तुम्हाला? तर माणूस चक्क गोरामोरा झाला, बॅटरी खिशातून काढली, परत ठेवली आणि म्हणाला, “तो… तो धरून आहे.”

असं हे घर आहे. करार पुढच्या महिन्यात संपतो आणि पुढे राहणार का असं काकांनी विचारलंय. मी विचार करून सांगते म्हटलंय. वहिनीच्या बोलण्यावरून तू माझी खोली अजून तशीच ठेवली आहेस असं कळलं. पुरे झालं, कागद संपला, दोन्ही बाजू भरल्या, तुझं समाधान झालं असेल. पट्टीचं तेवढं बघ. वहिनीनं गुडघ्याचं तेल सांगितलं होतं ते लावते आहे. तुझी गोळी सकाळी खाण्याआधी घ्यायची आहे, खाल्ल्यावर नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. पट्टी सापडली. या कागदांवर समास आखून घेतले होते ना, ते तिच्यानंच. आत्ता पत्राची घडी घालताना ती खाली पडली तेव्हा लक्षात आलं. तेव्हा कपाट सरकवू नकोस, तुझी कंबर जाईल. पण मग या पत्राला काही कारणच उरलं नाही, म्हणून खरं लिहावं लागतंय.

दुसरा ता. क. (वहिनी, चहा.) गेल्या गुरुवारी दुकानातून लवकर सुटले. काकूंचं भांडं द्यायला म्हणून खालच्या दाराशी गेले, दार नुसतं लोटलेलं. काकूंना ऐकू यावं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, तोही अगदी टिपेला. आत तू बोलत होतास. पाच महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, तोही दुसऱ्याच्या घरात. तू विचारत होतास, खोकला गेला का तिचा? आणि काका तुला सांगत होते की काळजी नको, मंगळवारी युनिट जरा कमी होते, पण काल इस्त्री झाली, आज यंत्रही चाललं, एकूण रीडिंग चांगलं आहे. मग तू म्हणालास (शब्दन् शब्द लिहिते, कारण तो मी भांडं हातात धरून तिथेच पाठ केला): “जिन्यातल्या दिव्याचं मात्र तिला काही बोलू नका. मी एकदा बोललो होतो.”

मी तशीच पावलं न वाजवता वर आले. मला रडू आलं, हेही लिहून टाकते. काकांना काही कळू दिलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी मी शेगडी पेटवली नाही, दिवे लावले नाहीत, तेव्हा त्यांनी वाचलं असणारच. गुरुवारी वहिनी तिच्या बहिणीकडे जाते, म्हणून गुरुवार, होय ना? आणि काकांचा नंबर मीच वहिनीला दिला होता, अडीअडचणीला असावा म्हणून. मला वाटायचं मी मीटर वाचणाऱ्याच्या घरी राहते. दादा, वाचत तर तू होतास.

मी परत येणार नाही. रागानं नाही, राग त्या भांड्याबरोबर दाराशीच राहिला. मला इथे करमायला लागलंय, आणि वर विचार करून सांगते असं लिहिलं असलं तरी नव्या करारावर मी कालच सही केली. विनंती एवढीच की गुरुवारचा फोन यापुढे खाली न करता वर करत जा. माझा नंबर तोच आहे. काकांना वाईट वाटेल, तर त्यांच्याशी पाच मिनिटं युनिटांचं बोल, मग माझ्याशी.

तिसरा आणि शेवटचा ता. क. फोनपेक्षा सरळ येच. भोपळा सोडून सगळं करीन. शेवटच्या थांब्यावर उतर. सगळी घरं सारखी दिसतात, तू हमखास चुकशील, म्हणून खूण सांगते: ज्या जिन्यातला दिवा चालू दिसेल, तिथे वर ये. भर दुपारी आलास तरी.